आवाज समोरून आला पाहिजे

दुकानात पहिल्यांदा येणारा माणूस हमखास विचारतो, "मालक कुठायत?" मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवते आणि म्हणते, "बोला." तो माझ्या खांद्यावरून आत डोकावतो. आत रफिकभाई सीट कव्हर शिवत बसलेले असतात. ते मान वर न करता सांगतात, "यहीच है मालक." मग कुठे बोलणं सुरू होतं.

खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत माझं गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टिम बसवण्याचं दुकान आहे. त्याआधी मी वागळे इस्टेटमधल्या एका स्पीकरच्या कारखान्यात कॉइल गुंडाळायचे. स्पीकर म्हणजे फार मोठं काही नसतं. एक कागदाचा द्रोण, त्याच्या बुडाशी तांब्याच्या बारीक तारेची कॉइल आणि मागे चुंबक. तारेतून वीज आली की द्रोण पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. तुम्ही जे गाणं म्हणून ऐकता ती ढकललेली हवा असते. कारखाना बंद पडला तेव्हा मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी दुकान टाकलं. माझ्या बहिणी सगळ्यांना सांगतात, आमच्या शीलाने केवढं धाडस केलं. मी त्यांना अडवत नाही.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर हा अख्खा अंक मला द्यावा लागेल. डोंबिवलीचा एक मुलगा आलेला, त्याची अट एकच, "बास वाजला की नंबर प्लेट थरथरली पाहिजे." नौपाड्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी एवढी सुंदर सिस्टिम बसवून घेतली आणि गाडी सोसायटीच्या बाहेर म्हणून काढली नाही. रोज संध्याकाळी खाली उतरायचे, पार्किंगमध्ये गाडीत बसून तासभर ख्याल ऐकायचे आणि वर जाऊन जेवायचे. बायकोने मला फोन करून विचारलेलं, "अहो, ते खरंच गाणंच ऐकतात ना?"

हल्ली नव्या गाड्या येतात तेव्हा थोडं वाईट वाटतं. पुढे एवढा मोठा स्क्रीन, सगळं त्याच्या पोटात, हात घालायला जागाच नाही. एक वायर कापली की एसीसुद्धा रुसतो. जुनी गाडी तशी नसते. दाराचं आतलं कव्हर काढा, समोर उघडा पत्रा, चार वायरी आणि पूर्वी काम करून गेलेल्या लोकांची सगळी पापं. जुनी गाडी दुकानासमोर लागली की मला अजूनही भूक लागल्यासारखं होतं.

योगेशची गाडी आली तेव्हा असंच झालेलं.

वीस-एक वर्षं वयाची पांढरी सेडान. योगेश दिवा गावचा, आगरी. अंगाने दांडगा, बोलायला मोकळा. बरोबर त्याची बायको दर्शना होती, ती डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. पुढच्या सीटवर एक वयस्कर बाई बसलेल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, आणि तोंडावर हाताची घडी घातल्यासारखे घट्ट मिटलेले ओठ.

"ताई, आत्याला गाडीतला आवाज पटतच नाय," योगेश म्हणाला.

"कसला आवाज? गाण्याचा?"

"तिचाच. तिच्या गाण्याचा."

मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी डॅशबोर्डवर एक सणसणीत चापट मारली आणि मान जोरजोरात हलवली. नाही म्हणजे नाही!

मग दर्शनाने नीट सांगितलं. योगेशची ही आत्या म्हणजे हिराबाय धवलारीण. आगरी लग्नात विधी चालतात ते धवल्यांवर, म्हणजे त्या त्या विधीच्या गाण्यांवर. हळदीचं वेगळं, मांडवाचं वेगळं. ती गाणी म्हणत लग्न लावून देणारी बाई म्हणजे धवलारीण. हिराबायनी दिव्यापासून खडवलीपर्यंत इतकी लग्नं लावली होती की रस्त्यातून जाताना निम्म्या गावाची सासर-माहेरं त्यांना पाठ. त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ आली. ऑपरेशन होऊन गाठ निघाली, सुदैवाने साधी होती. पण डॉक्टरांनी सांगितलं, आता बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने जास्त ताण येतो. पुढे आवाज येईल, कसा येईल ते तेव्हा बघू.

"आणि पुढच्या आठवड्यात खडवलीजवळ एक लग्न आहे," दर्शना म्हणाली. "आत्याने शब्द दिलेला. त्या नवरीच्या आईचं लग्नही आत्यानेच लावलेलं. ते लोक म्हणाले, दुसरी धवलारीण बघतो. आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं."

"तुम्हाला येतात धवले?"

"येतात म्हणजे, तिच्या मागून म्हणायला येतात. एकटीने कधी नाही." ती हसली, पण हाताने ओढणीचा काठ गुंडाळत होती. "ऑपरेशनच्या आधी तिने सगळे धवले माझ्या फोनवर म्हणून ठेवलेत. ते गाडीत लावून मी शिकते. आमच्याकडे घरात शक्यच नाही हो. खाली पाण्याचा टँकर येतो, बाजूला टीव्ही, वर बांधकाम. योगेश मला लॅबला सोडायला आणि आणायला येतो, तेवढाच काय तो वेळ. आत्या पुढे बसते, मी मागे. चुकलं की ती चापट मारते. पण हल्ली चापटा इतक्या पडतात की चूक माझी की गाडीची तेच कळत नाही."

मला आतून एकदम आनंदाची उकळी फुटली. नंबर प्लेट थरथरवणाऱ्यांच्या गर्दीत एक अख्खं लग्न माझ्या दुकानासमोर येऊन उभं होतं!

"लावा बघू," मी म्हटलं आणि मागे जाऊन बसले.

योगेशने पेनड्राइव्ह लावला. धडाड्! पाठीमागून कोणीतरी गादी आपटल्यासारखा आवाज आला. डिकीत बास वाजवणारा भला मोठा वूफर आणि मागच्या काचेखाली दोन लंबगोल स्पीकर. त्या गदारोळात लांब कुठेतरी एक बाई गात होती. पुढच्या दारांतून जेमतेम खरखर येत होती. शब्द एकही कळत नव्हता.

"वूफर कोणी बसवला?"

"मित्राने," योगेश अभिमानाने म्हणाला. "ताई, बाकी काय पण करा, तो काढू नका हां. काळीज आहे माझं."

"काळजाला वेगळं बटण लावून देते. आत्या गाडीत असल्या की बंद."

मागून हिराबायचं डोकं दिसत होतं. ते समाधानाने हललं.

आमच्या कामातली पहिली गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. नाटकाला गेल्यावर तुम्ही रंगमंचाकडे पाठ करून बसता का? मग गाडीत गाणारी बाई मागच्या काचेखाली का बसवता? आवाज समोरून आला पाहिजे. डोळे मिटले की ती डॅशबोर्डच्या मध्यावर उभी राहून गातेय असं वाटलं पाहिजे. जुन्या गाडीतही हे होतं. त्यासाठी फार भारी सामान लागत नाही, दारं उघडायचा कंटाळा नसला म्हणजे झालं.

मी मागचे स्पीकर तोडून टाकले, म्हणजे त्यांच्या वायरी काढल्या. मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. स्पीकरच्या दोन वायरींना सेल क्षणभर लावायचा. द्रोण एकतर पुढे उडी मारतो, नाहीतर मागे. डाव्या दारात लावला, द्रोण पुढे आला. उजव्या दारात त्याच रंगाच्या वायरींना लावला, द्रोण मागे गेला.

"सापडलं!" मी ओरडलेच. रफिकभाई सुईसकट बाहेर आले.

कोणीतरी एका बाजूच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. डावा स्पीकर हवा ढकलत असताना उजवा ती ओढत होता. असं झालं की मधला आवाज, म्हणजे नेमका गाणाऱ्याचा आवाज, हवेतच विरून जातो. दोन वायरींची अदलाबदल करायला किती वेळ लागणार? केली, आणि पुन्हा लावलं.

हिराबाय सरळ बसल्या. आवाज अजून पातळ होता, खरखरत होता, पण तो एका जागी होता. समोर. त्यांनी काचेकडे बोट दाखवलं आणि दर्शनाकडे वळून बघितलं. दर्शना म्हणाली, "आई शप्पत!"

खरं काम त्यानंतर होतं. गाडी दोन दिवस ठेवून घेतली. दारांची कव्हरं उतरवली तर आतला प्लास्टिकचा कागद फाटलेला, स्पीकरचे द्रोण पावसाचं पाणी पिऊन मऊ पडलेले, आणि पत्र्याला ही मोठाली भोकं. भोकांचं काय असतं सांगते. स्पीकर एकट्या पुढच्या बाजूने वाजत नाही, पाठीनेही वाजतो. द्रोण पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. दाराला भोकं असली की मागची हवा वळसा घालून पुढच्या हवेला भेटते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. आवाजातला भरीवपणा तिथेच जातो. लोक मग वर आणखी मोठा स्पीकर बसवतात, तोही तसाच फुकट जातो.

आम्ही भोकं बंद केली. एका बाजूला चिकट रबर आणि दुसऱ्या बाजूला चंदेरी पत्रा अशा जाड शीट मिळतात. त्या गरम हवेने मऊ करून, रूळ फिरवून दाराला चिकटवायच्या. खालची पाणी निथळायची छिद्रं मात्र उघडी ठेवायची, नाहीतर दारात तळं साचतं. रफिकभाईंनी प्लायच्या कड्या कापल्या, स्पीकर पत्र्यावर न बसवता त्या कड्यांवर घट्ट बसवले. नवे स्पीकर साधेच घेतले, पण उंच सुरांचे छोटे स्पीकर वेगळे असलेले. ते छोटे आरशाजवळच्या कोपऱ्यात लावले. शब्दांची धार तिथून येते. ते गुडघ्यापाशी असले की धार पँटीतच अडकते.

सगळं झाल्यावर रफिकभाईंनी दार लावून बघितलं. आधी डबा आपटल्यासारखा खण्णकन आवाज यायचा. आता धप्प! त्यांनी उघडलं, पुन्हा लावलं. धप्प! मग चारी बाजूंनी फिरून चारही दारं लावून बघितली आणि म्हणाले, "शीलाबेन, ये तो शादी के पहले ही गाडी को सजा दिया."

गाडी सुरू केली आणि माझा आनंद उतरला. इंजिन चालू झालं की स्पीकरमधून बारीक डासासारखी शिट्टी. पाय दाबला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. जुन्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं. विजेला परत जायची वाट हवी असते, ती गाडीच्या सांगाड्यातून जाते. जिथे वायर सांगाड्याला बोल्टने घट्ट केलेली असते तिथेच गंज चढतो, आणि मग वीज दुसरी वाट शोधत गाण्यात शिरते. बोल्ट शोधायला सीट काढावी लागली, कार्पेट उचलावं लागलं. सापडला तेव्हा तो गूळ चढलेल्या शेंगदाण्यासारखा दिसत होता. घासून पत्रा उजळवला, नवी जाड वायर टाकली. डास मेला.

योगेश, दर्शना आणि हिराबाय गाडी घ्यायला आले. मी त्यांना एकेका जागेवर बसवलं, काचा वर केल्या, इंजिन चालू ठेवलं आणि गाणं लावलं.

ते मी कधी विसरणार नाही. जाड, थोडा नाकातला, उन्हात वाळवलेला आवाज. शब्द न् शब्द वेगळा. समोरच्या काचेवर, अगदी मध्यभागी. योगेश आ वासून बसला. "आत्या, तू समोर बसलीयस की बाजूला?" दर्शना मागून पुढे झुकली आणि गुणगुणायला लागली. माझ्या अंगावर काटा. हे झालं की आमच्या धंद्यात मिठाई येते.

चापट!

डॅशबोर्डवर. हिराबाय मान हलवत होत्या.

"अगं आत्या, आता काय?" योगेश रडकुंडीला आला. "एवढं झक्कास वाजतंय!"

त्यांनी पुन्हा लावायची खूण केली. एक ओळ झाली, दुसरी सुरू व्हायच्या आधी त्यांनी हात वर केला. इथे. इथे काहीतरी. मी उंच सूर थोडे वाढवले. नाही. कमी केले. नाही. डावं-उजवं सरकवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मलाही घाम फुटला. इतक्या वर्षांत माझा कान चुकला नव्हता, आणि आता समोर बसलेल्या बाईला काय ऐकू येत नाहीये तेच मला ऐकू येत नव्हतं.

मग त्यांनी माझा हात धरला, स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि खोल श्वास आत ओढला.

"श्वास?" मी विचारलं.

त्यांनी दोन्ही हात जोडले. कळलं एकदाचं!

मी पुन्हा गाणं लावलं आणि या वेळी गाणं सोडून दोन ओळींच्या मधलं ऐकलं. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे खरंच काहीच नव्हतं. गाणाऱ्या बाईचा श्वास नाही, खोलीतली हवा नाही, भांडं नाही, पंखा नाही. कात्रीने कापल्यासारखी शांतता. मघाशी मला ती शांतता छान वाटलेली! खराब स्पीकरवर हे कळलं नसतं, तिथे सगळा चिखल होता. आता आरसा पुसल्यावर चेहऱ्यावरचा डाग दिसावा तसं झालं.

"योगेश," मी हळूच विचारलं, "या रेकॉर्डिंगला तू काही केलंयस का?"

"पेनड्राइव्हवर घेताना साफ केलं ना! मागे पंख्याचा आवाज होता, टँकरचा हॉर्न होता. फोनमध्ये ॲप असतं, एका बटणात सगळा कचरा काढून टाकतं."

मी डोकंच धरलं, आणि मग हसायला लागले. त्या ॲपने पंखा काढला, हॉर्न काढला, आणि पंख्यासारखा वाटला म्हणून हिराबायचा श्वासही काढून टाकला. दोन दिवस मी दारं फोडत होते आणि खरा आजार गाडीत नव्हताच.

"मूळचं आहे का कुणाकडे?"

"माझ्या फोनमध्ये," दर्शना म्हणाली. "मी जे घेतलेलं ते तसंच आहे."

तिचा फोन जोडला. पंख्याची घरघर सुरू झाली, लांब कुठेतरी टँकर रिव्हर्स घेत होता, कोणाची तरी कुकरची शिट्टी झाली. या सगळ्यात हिराबाय गात होत्या. ओळ संपली. मग श्वास आला, भरपूर, भात्यासारखा, आणि त्या श्वासाला लागून अगदी हळू, कानाशी बोलावं तसं, "घे गो."

दर्शनाने तोंडावर हात ठेवला.

पुढची ओळ. पुन्हा श्वास. "आता तू घे."

त्या दोघी गाताना असंच असतं, हे मला तेव्हा कळलं. एकीची ओळ संपते आणि दुसरी उचलते, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. रेकॉर्डिंग करताना हिराबाय प्रत्येक ठिकाणी दर्शनाला खूण देत गेल्या होत्या. ऑपरेशनच्या आधी, स्वतःचा आवाज परत येईल की नाही हे माहीत नसताना. आणि नेमकं तेच ॲपने कचरा म्हणून काढून टाकलेलं.

"मला वाटायचं मीच उशिरा उचलते," दर्शना म्हणाली. योगेशने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "आत्या, मी गाढव आहे गो." हिराबायनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, पण प्रेमाचा.

मग मी काचा वर केल्या, दारं लावली, आणि त्या गाडीत पहिल्यांदा दर्शनाने बरोबर वेळेला ओळ उचलली. श्वास, "घे गो", आणि मागच्या सीटवरून तिचा आवाज. श्वास, "घे", आणि पुन्हा तिचा आवाज. चापट पडली नाही. बाहेर गल्लीत डेपोतून निघालेली एसटी हॉर्न मारत होती, एक रिक्षावाला माझ्या दुकानासमोरची गाडी हलवा म्हणून ओरडत होता, आणि रफिकभाई त्याला हाताने थांब, थांब करत होते.

त्या आठवड्यात ते रोज गाडीत फिरले. कामावर जाताना, येताना, नुसतेच. योगेश फोन करून सांगायचा, "ताई, आज हळदीचं पक्कं झालं." "ताई, आज एकपण चापट नाय." मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत सुटलेले. मला लग्नाचं बोलावणं होतंच. लग्नाच्या दिवशी मी कल्याणला रस्त्यावर नवी साडी नेसून त्यांची वाट बघत उभी होते आणि माझंच लग्न असल्यासारखी छाती धडधडत होती.

गाडी आली. दर्शना मागे, हिरवी नऊवारी, नाकात नथ, चेहरा पांढरा पडलेला. मी तिच्या शेजारी बसले. रेकॉर्डिंग चालू होतं. ती म्हणत होती, पण ओठ कोरडे. टिटवाळा मागे पडल्यावर ती म्हणाली, "ताई, तिथे हे नसणार ना. तिथे 'घे' म्हणणारं कोणी नसणार. आत्या बोलू शकत नाही."

हिराबायनी ऐकलं असावं. त्यांनी हात पुढे केला आणि सिस्टिम बंद केली.

एवढा आवाज मी कमावून दिलेला, आणि तो बंद झाल्यावर गाडीत नुसतं इंजिन. दर्शना अर्ध्या ओळीत अडकली. "आत्या, नको ना!" हिराबाय वळल्या नाहीत. त्यांनी फक्त श्वास घेतला. मोठा, ऐकू येईल असा. श्वास घ्यायला डॉक्टरांनी बंदी केली नव्हती.

दर्शनाने ओळ उचलली.

खडवलीच्या पुलापर्यंत ती एकटी गात होती. पुढे बसलेली म्हातारी श्वास घेत होती, आणि योगेश खड्डे चुकवत इतका सावकाश गाडी चालवत होता की मागचे सगळे हॉर्न मारत होते. मला थोडं चुकचुकल्यासारखं वाटलं हे खोटं कशाला सांगू, माझ्या स्पीकरांना त्यांनी बाजूला केलेलं. पण त्याहून कितीतरी मोठं काहीतरी शेजारच्या सीटवर चाललेलं होतं.

मांडवात तर काय, बायका आधी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. ही पोरगी? लॅबवाली? पहिला धवला सुरू झाला तेव्हा आवाज कापत होता. दुसऱ्याला कापायचा थांबला. हळूहळू मागच्या बायकांनी सूर धरला. नवरीची आई हळदीचं ताट हातात घेऊन तशीच उभी, डोळे वाहतायत आणि पुसायला हात मोकळा नाही. हिराबाय दर्शनाच्या कोपराला धरून उभ्या होत्या, ओठ मिटलेले, छाती वरखाली. एका ठिकाणी दर्शना थोडी आधीच निघाली. मी चापटीची वाट बघितली. हिराबायनी नुसतं हसून तिला जाऊ दिलं. जेवताना त्या गावच्या दोन घरांनी दर्शनाला पुढच्या लग्नाच्या तारखा सांगितल्या. तिने डोंबिवलीच्या लॅबच्या सुट्ट्या मनातल्या मनात मोजल्या असाव्यात, कारण ती एकदम गंभीर झाली आणि योगेशकडे बघून म्हणाली, "गाडी धुवून ठेव."

मध्ये बरेच दिवस गेले. एका दुपारी मी एका टेम्पोची वायरिंग करत होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला.

"शीलाताय हाय का?"

खोल, घोगरा आवाज. मला वाटलं कोणी पुरुष आहे. "बोला, कोण?"

"वलखलास नाय ना? मना पन सकालची वलखाला येत नाय मी." आणि पलीकडून हसू फुटलं. "हिराबाय बोलतंय गो."

दोन दिवस मी त्या बाईच्या आवाजाच्या मागे लागलेले. तिचा श्वास कुठे येतो, कुठला शब्द कुठल्या स्पीकरला लागतो, सगळं मला पाठ. आणि फोनवर ती स्वतः बोलली तर मी तिला ओळखलंच नाही!

"आवाज आला तुमचा!"

"आला, पन दुसऱ्याचाच आला. खाली उतरला. वरती जायाला नाय बगत. दर्शू म्हंते, तू आता खालून घे, मी वरतून घेतंय. दोघींचा कसा बसते ते बगाला पायजे. योगेशला सांगतंय, गारी घेऊन येतंव."

"या! आत्ता या!"

ते आले. हिराबाय पुढे, दर्शना मागे. योगेशला मी बाहेरच उभं केलं. मी म्हटलं, नवा आवाज खालचा आहे, तर आधी ऐकून घेते, मग रेकॉर्ड करू आणि सिस्टिम त्याप्रमाणे जुळवू. काचा वर केल्या. मी बाहेर खिडकीपाशी उभी राहिले.

हिराबायनी घसा साफ केला, श्वास घेतला आणि सुरुवात केली. तो आवाज आधीसारखा नव्हता. वरचे सूर गेलेले. पण खाली जे होतं ते इतकं भरलेलं, इतकं जुनं की बंद काचेवर टेकलेल्या माझ्या तळहाताला लागत होतं. ओळ संपली, मागून दर्शनाने वरची उचलली. मग हिराबाय परत तिच्याखाली जाऊन मिळाल्या. दोन आवाज, एकाच वेळी.

रफिकभाईंनी शिवणमशीन थांबवलं. मी मागचा दरवाजा उघडला, दर्शना गाता गाताच सरकली, आणि मी आत बसून दार लावून घेतलं.